चौदा नंबरच्या जाळ्यातला पक्षी

त्या उन्हाळ्यात रखवालदाराच्या घरात दोन गोष्टी एकदमच वाढायला लागल्या. एक, म्हाताऱ्या बापाच्या रक्तातली साखर. दुसरी, चौदा नंबरच्या जाळ्यातल्या बिया. साखर वाढली म्हणून बायको काळजीत होती, बिया वाढल्या म्हणून मॅडम खुशीत होत्या, आणि रखवालदार दोघींच्या मधे उभा राहून दोघींकडे बघून मान डोलवत होता.

त्याची नोकरी अशी, की कुणाला समजावून सांगायची तर आधी समोरच्याचं खाणं संपेपर्यंत थांबावं लागे. पंधरा वर्षांपूर्वी टेकडीखालची उजाड जमीन कुंपण घालून बंद केलेली. आत गुरं नाहीत, कुऱ्हाड नाही, लागवडही नाही. जंगल आपलं आपण परत येतं का, तेवढं बघायचं. आता झाडांना पाय नसतात. त्यांच्या बिया पाखरांनी आणायच्या. एकीकडे फळ खायचं आणि दुसरीकडे येऊन फांदीवर बसून शिटायचं. हे काम पाखरं कुणी न सांगता, विनातक्रार करत होती. ती ते करतात की नाही हे मोजायला मात्र माणूस नेमावा लागला, तो हा.

आत चोवीस जाळी होती. मच्छरदाणीचं कापड चार खुंट्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीला ताणलेलं, मधे झोळ पडावा म्हणून एक गोटा. खुंट्यांना वंगण फासायचं, नाहीतर मुंग्या रातोरात बिया पळवत. रोज सकाळी जाळ्यात पडलेलं सगळं खरवडून नंबराच्या पिशवीत भरायचं. घरी बायको ते भिजत घाली, गाळणीनं गाळी, बिया वाळवी, जातवार मोजी आणि बरणीत भरी. घरात गाळण्या दोन होत्या. चहाच्या गाळणीला लाल दोरा बांधलेला होता, आणि घरी आलेला पाहुणा चहा घेण्याआधी उठून एकदा दोरा बघून येई.

गावातल्या टपरीवर त्याला शीटसाहेब म्हणत.

"काय शीटसाहेब, आज किती पडली?"

"उंबराच्या तीनशे बारा. बोरं नऊ. घाणेरी मोजायचीय."

त्यानं खरंच आकडा सांगावा यात त्यांची करमणूक होती. त्याला आकडा खोटा सांगता येत नसे, यात त्याची पंचाईत होती.

कुंपणाच्या फाटकाला लागून दोन पत्र्याच्या खोल्या होत्या. त्या नोकरीबरोबर मिळालेल्या आणि नोकरीबरोबर जाणाऱ्या. त्यात तो, बायको आणि त्याचा बाप.

*

गुरुवारी नर्सबाई सायकलवरून आल्या. म्हाताऱ्याच्या बोटाला सुई टोचून त्यांनी यंत्रात पाहिलं, यंत्र हलवून परत पाहिलं आणि मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"काय देता काय यांना खायला?"

"तुम्ही लिहून दिलंय तेच. साखर बंद, गूळ बंद. चहा नुसता कडू."

"मग ही वाढते कशी? हवेतनं?"

"मला काय माहीत, बाई. मी मोजून वाढते."

"मोजून! घरात सगळे मोजणारे, आणि माणसाचा अंगठा चालला सडून." नर्सबाईंनी पायाची पट्टी सोडली. उजव्या अंगठ्याची जखम तीन महिन्यांची झाली होती. कडा काळपट पडल्या होत्या. "आणखी पंधरा दिवस असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल. मग म्हणू नका की सांगितलं नाही. सासऱ्याकडे लक्ष द्या जरा."

फाटकाबाहेर लाकडं घेऊन जाणाऱ्या दोघी तिघी ऐकत थांबल्या होत्या. बायकोचं तोंड एवढंसं झालं.

"बाबा, खरं सांगा," सायकल गेल्यावर ती म्हणाली. "कुणाकडे गोड खाता?"

"मी?" म्हाताऱ्याच्या तोंडात एकच दात उरला होता, खालचा, पुढचा. तो दाखवत तो म्हणाला, "या दाताला कोण गोड देतंय?"

*

शनिवारी मॅडम आल्या. पाखरांचं शिक्षण घेतलेल्या मॅडम तिशीच्या होत्या, उन्हानं नाकाची साल निघालेल्या. जीपमधून उतरल्या त्याच पळत. टेबलावर त्यांनी चौदा नंबरची बरणी ओतली. चपट्या, तपकिरी, चकचकीत बियांचा ढीग पडला.

"दादा, ही कसली बी?"

"टेंभुर्णीची."

"आपल्या कुंपणात फळ धरणारी टेंभुर्णी किती?"

"एकही नाही. पलीकडच्या टेकडीवर आहेत. ओढ्याच्या वर."

"म्हणजे अर्धा मैल. एवढी बी बुलबुल गिळेल? साळुंकी गिळेल?" मॅडमनी एक बी भिंगाखाली धरली. "आणि शीट चिकटलेली नाही. स्वच्छ. कुणीतरी फळ तोंडात घेतलं, गर खाल्ला आणि बी तोंडातनंच परत टाकली. असं कोण करतं?"

रखवालदारानं बायकोकडे पाहिलं.

"धनेश!" मॅडमचा आवाज चिरकला. "हा एवढा पक्षी, ही एवढी चोच. तीस वर्षांत इथे कुणी पाहिला नाही. आणि हे बघा, वहिनी, तुम्हीही बघा. प्रत्येक बीवर एक ओरखडा आहे. एकच. एकाच जागी. म्हणजे एकच पक्षी रोज येतोय, आणि त्याच्या चोचीला कुठेतरी धार आहे."

बायकोनं भिंगातनं पाहिलं. ओरखडा होता.

मग मॅडमनी खरी गोष्ट सांगितली. पुढच्या शनिवारी मोठे साहेब येणार होते. वरून ठरलं होतं की पंधरा वर्षांत बाहेरून मोठ्या बियांच्या निदान पाच जाती आत आल्या असतील तर कुंपण राहील. नाहीतर रान साफ करून निलगिरीच्या रांगा लावायच्या, आणि रांगांना रखवालदार लागत नाही. बोर, भोकर, जांभूळ, चारोळी अशा चार जाती आधीच आल्या होत्या.

"टेंभुर्णी पाचवी," मॅडम म्हणाल्या. "या एका पक्ष्यानं वाचवलं आपल्याला. मी साहेबांना फोटोसुद्धा पाठवले. तुम्ही फक्त एक करा. तो खाताना कसा दिसतो, किती खातो, सगळं वहीत लिहून ठेवा."

*

सोमवारी उजाडायच्या आत रखवालदार चौदा नंबरच्या जाळ्यापासून वीस पावलांवर फांद्यांचा आडोसा करून बसला. मांडीवर वही. वहीत नेहमीचे आखलेले रकाने होते: वेळ, दिशा, पक्षी, फळ, एका फळाला किती वेळ, बीचं काय केलं, शेरा. बारा वर्षं तो हे रकाने भरत होता. बुलबुल घाईघाईनं खातो आणि पळतो, तांबट एकाच उंबरावर तळ ठोकून बसतो, साळुंक्या खाण्यापेक्षा भांडतात जास्त, हे सगळं त्याला पाठ होतं. धनेश मात्र त्यानं पाहिला नव्हता. 

साडेसात वाजून गेल्यावर पाचोळा वाजला. पक्षी पाचोळ्यावरून चालत येतोय हे त्याला जरा खटकलं. पण मोठे पक्षी कधी कधी जमिनीवर उतरतात, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

मग पक्षी खोकला.

झुडपातून म्हातारा बाहेर आला. काठी टेकत, दुखरा पाय उचलून टाकत. सदऱ्याचा ओटा केलेला आणि ओट्यात पिवळी पिकलेली टेंभुर्णं. जाळ्याशेजारच्या सावलीत तो हुश्श करून बसला, एक फळ सोललं आणि तोंडात टाकलं. डोळे मिटले. गालफडं बराच वेळ हलत राहिली. मग त्यानं मान वळवली आणि नेम धरून बिया जाळ्यात थुंकल्या. फट्, फट्, फट्.

 रखवालदाराचा हात सवयीचा होता. तो लिहीत राहिला.

"७:४०. टेकडीकडून. चालत. एकटा. नर. वय पंचाहत्तरच्या पुढे.
फळ टेंभुर्णी. साल नखानं काढतो. एका फळाला सव्वा मिनिट. बी घोळवतो, दातावर (एक) घासून गर काढतो, थुंकतो. जाळ्यात. नेम चांगला.
फळं सात, बिया एकेचाळीस.
८:०५. सदऱ्याला तोंड पुसलं. जाळ्यातल्या बिया बोटानं मोजल्या. समाधानी दिसला. गेला.
शेरा:"

शेऱ्याचा रकाना त्यानं तसाच रिकामा ठेवला.

*

घरी त्यानं वही बायकोच्या हातात दिली. तिनं वाचली, परत वाचली आणि म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आ करा."

म्हाताऱ्यानं आ केला. दातावर पिवळा गर होता.

"तीन महिने! तीन महिने मी त्या बाईच्या शिव्या खातेय! तुमच्या भातातनं बटाटा वेचून काढते मी, आणि तुम्ही रोज सात सात—"

"पाच," म्हातारा म्हणाला. "सात कधीतरी."

"सातच," रखवालदार म्हणाला. "मी मोजलीत. पण बाबा, खायचं तर खायचं, जाळ्यात कशाला थुंकायचं?"

म्हातारा पायाच्या पट्टीकडे बघत राहिला.

"गेल्या हंगामात ती पोरगी तुला बोलली ना. चौदा नंबर रिकामं का म्हणून. जीपवाला हसत होता. तू मान खाली घालून उभा. चाळिशी ओलांडलेला बाप्या." त्यानं नाक ओढलं. "म्हटलं, बीच पायजेल ना त्यांना? सकाळी फिरायला जाताना टेकडी लागतेच. मला फळ, तुला बी. कुणाचं काय गेलं?"

"माझं गेलं," बायको म्हणाली. तिचा आवाज फाटला. "आणि तुमचा अंगठा चाललाय."

"तो तर माझाय."

त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं फाटकाबाहेर जाणं बंद झालं. काठी पत्र्यावर टाकून ठेवली. तो उंबऱ्यात बसून काठीकडे बघे.

*

मंगळवारी चौदा नंबर रिकामं. बुधवारी रिकामं. बुधवारी दुपारी मॅडम सामानासकट आल्या आणि गावातल्या शाळेच्या खोलीत शनिवारपर्यंत मुक्कामाला राहिल्या. रिकाम्या जाळ्यासमोर त्या बराच वेळ उकिडव्या बसल्या.

"असं कसं झालं, दादा? कुणी त्रास दिला का त्याला?"

रखवालदारानं खुंटीवरचं वंगण बोटानं सारखं केलं. "थोडा दिला."

"कुणी?"

"बाईमाणसानं. ओरडली त्याला."

"लाकडं तोडायला येतात त्या! मी किती वेळा सांगितलं! मग आता कुठाय तो?"

"बाहेर पडत नाही, मॅडम. घरातच असतो."

"घरट्यात!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मादी असेल मग ढोलीत. मादी दिसली का?"

"मादी नाहीये."

"असं कसं म्हणता?"

"एकटाच असतो तो. बरीच वर्षं."

मॅडमनी ते लिहून घेतलं.  रखवालदार एक अक्षर खोटं बोलला नव्हता आणि तरी त्याला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी त्यानं स्वतःच टेकडी गाठली. ओढा कोरडा ठणठणीत. वरच्या खडकाळीत टेंभुर्णीची झाडं पानं गाळून उभी होती, फळं मात्र लगडलेली. दहा तोडली, चौदा नंबरपाशी आला, इकडे तिकडे पाहिलं आणि बसला. गोड होती. इतकी गोड, की म्हाताऱ्याचा मोह त्याला तिथल्या तिथे अर्धा कळला. पण बियांभोवतीचा गर सुटेना. घाईनं दोन बिया गिळल्या गेल्या, उरलेल्या थुंकल्या. निम्म्या जाळ्याबाहेर पडल्या. त्या वेचून आत टाकल्या. मग झाडाआड जाऊन तोंडात बोटं घालून पुसलं आणि मॅडमना हाक मारली.

मॅडमनी भिंग काढलं. चेहरा आधी फुलला, मग उतरला.

"हा तो नाही."

"नाही?"

"ओरखडा नाही. हा दुसरा आहे. तरुण असावा. हे बघा, गर तसाच ठेवलाय, धड खाताही येत नाही याला. शिकलेला नाही अजून." त्यांनी बी खाली ठेवली. "मला तो जुना हवाय, दादा. साहेबांकडे ओरखड्याचे फोटो गेलेत. ते विचारतील."

ज्याला धड खाता येत नव्हतं तो मान खाली घालून उभा राहिला.

*

शुक्रवारी दिवेलागणीला बायको म्हाताऱ्याच्या अंगठ्याची पट्टी बदलत होती. रखवालदार टेकडीवरून आला. पिशवी जमिनीवर ठेवली. दोघांनाही पिशवीत काय आहे ते वासावरून कळलं.

"उद्या एकच दिवस," तो म्हणाला. कुणाकडे न बघता. "सातच. साहेब जाईपर्यंत."

बायकोनं हातातला कापूस खाली ठेवला. गेल्या पाच दिवसांत जखमेचा पाझर जरा कमी झाला होता. ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. नजर लागेल म्हणून.

"द्या ना," ती म्हणाली. "घर राहील, अंगठा जाईल. मोजणीचं काम तुमचं. कुठलं आधी धरायचं ते तुम्ही ठरवा."

"तुला काय वाटतं, मला आवडतंय हे? कुठे जायचं आपण? पत्रे उचलून नेतील ते!"

"मी कुठे काय म्हटलं?"

"अरे, भांडता काय," म्हातारा म्हणाला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज हुशार झाला होता. "आण इकडे. सात म्हणजे काय, पोटात माझ्या दहा जातात. घर तर पायजेच. मी काय या अंगठ्यानं शर्यत पळणारे?"

त्यानं हात पुढे केला. रखवालदारानं फळ त्याच्या तळव्यावर ठेवलं.  त्यानं नख सालीत घातलं, तोंड आधीच उघडलं होतं, आणि त्या तोंडात तो एकटा दात, जिभेच्या टोकाला लाळ जमलेली. पंचाहत्तरीच्या माणसाचं तोंड नव्हतंच ते. घरट्यातल्या पिल्लाची चोच अशी उघडी राहते, हे रखवालदारानं बारा वर्षांत शेकडो वेळा वहीत लिहिलं होतं.

त्यानं फळ काढून घेतलं.

"अरे?"

"नको."

"अरे, पण पोरगी काय म्हणंल?"

"बघू." तो पिशवी घेऊन बाहेर गेला आणि फाटकाजवळ उभा राहिला.  

*

शनिवारी साहेब यायच्या तासभर आधी त्यानं मॅडमना वही दिली. तोंडानं सांगायला दोनदा सुरुवात केली होती, दोन्ही वेळा "मॅडम, तो पक्षी" याच्या पुढे गाडी गेली नव्हती.

मॅडम उभ्यानं वाचायला लागल्या. "चालत" या शब्दापाशी त्यांचा ओठ हलला. "दातावर (एक)" वाचून त्या खाली बसल्या. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी उंबऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं हात जोडले.

"चौदा नंबरच्या सगळ्याच?"

"सगळ्या, मॅडम."

"आणि गुरुवारचा? तरुण?"

"तो मी."

मॅडम हसतील असं क्षणभर वाटलं, पण त्यांचे डोळे भरले होते. "नोंद चांगली घेतलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "बारा वर्षांत इतकी चांगली घेतली नव्हतीत."

साहेब आले. त्यांच्या ड्रायव्हरनं रखवालदाराच्या डोक्यावर खुर्ची दिली आणि त्यानं ती चौदा नंबरपर्यंत नेली. साहेब घाम पुसत बसले. मॅडमनी न लपवता सगळं सांगितलं. साहेब न हसता ऐकत राहिले. ते कशालाच हसत नव्हते.

"म्हाताऱ्याला बोलवा."

म्हातारा काठी टेकत आला.

"तोंड उघडा."

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. ड्रायव्हरनं मोबाईलचा उजेड आत धरला. साहेबांनी बरणीतली एक बी चिमटीत धरून त्या दाताजवळ नेली, ओरखडा आणि दात यांच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. ती पुसायला रखवालदाराचा हात पुढे गेला, पण साहेबांचं बघणं संपलं नव्हतं, म्हणून तो अर्ध्यावर थांबला.

"जुळतंय," साहेब म्हणाले. "बंद करा."

"साहेब," म्हातारा तोंड पुसत म्हणाला, "या कुंपणातलं निम्मं रान मीच तोडलं होतं. मजुरीवर. तेव्हा कुणी दात बघितला नव्हता."

साहेबांनी कागदावर पाचाचा चार केला. पावसाळा सरला की मोजणी करून रांगा आखायच्या, असं ते लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले.  बायको लांब झाडाखाली उभी होती. ती खाली बसली.

"काहीच मार्ग नाही?" मॅडमनी विचारलं.

"बीचा फॉर्म वेगळा, रोपाचा वेगळा." साहेबांनी कागद उलटला. "पावसाळ्यानंतरच्या मोजणीत पाचव्या जातीचं रोप आत उगवलेलं दिसलं तर धरता येतं. बी कुणी आणली हा रकाना रोपाच्या फॉर्मात नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हातानं लावलेलं चालणार नाही. खड्डा, आळं, काठी, पाणी घातल्याची खूण, काही दिसलं की बाद. हात लागता कामा नये."

"हात," म्हातारा हळूच म्हणाला.

खुर्ची परत डोक्यावर आली. जीपपाशी मॅडम मागे राहिल्या. त्या रखवालदाराशी बोलत होत्या, पण बघत होत्या कुंपणाकडे.

"दादा, जाळ्यात पडलेली बी उगवत नाही. ती माझ्या बरणीत जाते."

"हो, मॅडम."

"आणि यापुढचं मला काही कळवू नका. काही म्हणजे काहीच."

*

रविवारी सकाळी तिघं टेकडीवरून खाली उतरले. पुढे रखवालदार, मागे बायको पाटी घेऊन, तिच्यामागे म्हातारा. पाटीत शंभरावर टेंभुर्णं होती. म्हाताऱ्याच्या सदऱ्याचा ओटा, खिसे, बाह्या, सगळं बायकोनं फाटकाशी झाडून पाहिलं होतं.

"एक जरी तोंडात गेलं ना, बाबा, तर मी स्वतः निलगिरी लावीन इथं."

"नाही गं. मी नुसता सांगायला."

पहिलं फळ रखवालदारानं तोंडात टाकलं. म्हातारा त्याच्या गालफडांकडे टक लावून बघत होता. त्याचे स्वतःचे गालही हलत होते.

"घाई करू नको. जिभेनं फिरव. आता पुढच्या दातावर घास. अरे, चावू नको, फुटंल! हां. गर सुटला का? आता थुंक. तिथे नको, ऊन आहे. त्या बोरीच्या सावलीत. पाचोळ्यात."

रखवालदारानं थुंकली. बी पाचोळ्यात कुठेतरी गेली.

"तोंडाला जोरच नाही," म्हातारा सुनेला म्हणाला. "तू बघ जरा खाऊन."

बायकोनं पदरानं तोंड पुसलं, इकडे तिकडे पाहिलं आणि एक फळ तोंडात टाकलं. लग्नानंतर सासऱ्यासमोर ती कधी तोंड हलवत जेवली नव्हती. तिनं मान वळवली आणि फट् केलं. बी आठ हात लांब गेली.

"वा!" म्हातारा म्हणाला.

दुपारपर्यंत पाटी निम्मी झाली. गोडानं तोंड आधी चिकट झालं, मग तुरट, मग जिभेला चवच उरली नाही. रखवालदाराचा जबडा दुखत होता. जाळी लागली की तिघं वळसा घालून जात. वर आभाळ कोरं पांढरं होतं. यातली किती उगवतील, उगवलीच तर गुरं नाहीत पण ससे खातील, पाऊस कधी येईल, आणि साहेब येतील तेव्हा बोटभर रोप गवतात दिसेल तरी का, हे तिघांच्याही डोक्यात होतं. कुणी बोललं नाही. तोंड भरलेलं होतं.

बाभळीखाली त्यानं सहा बिया टाकल्या, आणि टाकल्या टाकल्या गुडघ्यावर बसून पाचोळा बाजूला करू लागला.

"काय करताय?" बायकोनं विचारलं.

"सहा होत्या. पाचच दिसतायत."

"उठा."

"अगं, एक कुठे—"

"मोजू नका," ती म्हणाली. "पुढे चला."

तो थोडा वेळ तसाच गुडघ्यावर राहिला. हात पाचोळ्यावर, बोटं पसरलेली. मग त्यानं पाचोळा होता तसा सारला, हात पाठीमागे घेतले आणि उठला. बायकोनं पाटीतलं फळ सोलून त्याच्या तोंडाशी धरलं. त्यानं आ केला.